वाचकांचे प्रश्न : कट, कारस्थान आणि मतपेटी

गेल्या अंकात युरोप-अमेरिकेतल्या अति-उजव्या पक्षांवर एक टिपण छापले होते. या पक्षांचे राजकारण कटाच्या कहाण्यांवाचून उभेच राहत नाही, असा त्याचा रोख होता. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणीपासून पार औरादपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावे मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : अफवा, खोटी बातमी आणि कटसिद्धांत हे शेवटी एकच नव्हे का? — वाचक, खानापूर

एक नव्हे, आणि फरक व्यवहारात उपयोगी पडणारा आहे. ‘मुले पळवणारी टोळी फिरतेय’ ही अफवा. ‘मुले पळवणारी टोळी फिरतेय, पोलिसांना सगळे ठाऊक आहे, पण वरून दाबलेय, पेपरवालेही छापणार नाहीत’ हा कटसिद्धांत. अफवेला एक फोन पुरतो. ठाण्यात विचारले, कुठेही तक्रार नाही म्हणाले, विषय मिटला. दुसऱ्या वाक्यात त्या फोनची वाट आधीच बुजवलेली असते. पोलीस नाही म्हणाले तर ‘बघा, दाबताहेत’, पेपरात आले नाही तर ‘सांगितले नव्हते?’, आणि चुकून पेपरात खुलासा आलाच तर ‘पेपरही त्यांचाच’.

म्हणून मजकुराचे डोके नको, शेपूट वाचा. छुपा गट आणि त्याचा दुष्ट हेतू या दोन गोष्टी खऱ्या गुन्ह्यातही असतात. पोलीस, न्यायालय, डॉक्टर, पत्रकार, निवडणूक आयोग असे एरवी एकमेकांशी न पटणारे सगळेच त्या गटाला सामील आहेत, असे तिसरे कलम जोडले की समजावे, हा दावा कोणत्याच पुराव्याने खोटा ठरू नये अशी सोय केलेली आहे.

प्रश्न : कट डावेही सांगतात. इंदिराबाईंच्या काळात ‘परकीय हात’ रोज ऐकला. मग एकट्या अति-उजव्यांच्याच नावाने पावती का फाडता? — निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी, बेळगाव

तक्रार रास्त आहे. जानेवारी १९५३ मध्ये सोव्हिएत सरकारने जाहीर केले की बहुतांशी ज्यू असलेले डॉक्टर नेत्यांना मारण्याचा कट करत होते. मार्चमध्ये स्टालिन गेला आणि एप्रिलमध्ये त्याच सरकारने सगळे बनावट होते म्हणून कबूल केले. तेव्हा हा रोग एका बाजूचा नाही. २६ देशांतल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कटावर विश्वास ठेवण्याची वृत्ती राजकारणाच्या दोन्ही टोकांना जास्त आढळली, मात्र उजव्या टोकाला अधिक.

कारण या राजकारणाच्या रचनेतच आहे. डच अभ्यासक कास मुड्डे यांनी २००४ मध्ये लोकवादाची व्याख्या केली, ती अशी : समाजाचे दोनच भाग, एक निर्मळ जनता आणि दुसरे भ्रष्ट वरिष्ठ. डावा लोकवादी इथेच थांबू शकतो, कारण त्याचा शत्रू वरचा, पैसेवाला. अति-उजव्याला तिसरा कोपरा लागतो, तो म्हणजे परका. स्थलांतरित, अल्पसंख्य, दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या भाषेचा. आता पंचाईत अशी की वरिष्ठ बलाढ्य आणि परका बहुधा गरीब, दुबळा. या दोघांचा एकमेकांशी संबंध काय? ‘वरच्यांनीच खालच्या परक्यांना मुद्दाम आणलेय, आपल्याला संपवायला’ हे वाक्य तो संबंध जोडून देते. ते काढून घ्या, तर ‘नोकऱ्या नाहीत’ आणि ‘शेजारी अनोळखी भाषा बोलतो’ अशा दोन सुट्या कुरबुरी उरतात. त्यांच्यावर निवडणूक जिंकता येत नाही.

हंगेरीत ही जोडणी कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. अब्जाधीश जॉर्ज सोरोस हे बुडापेस्टमध्ये जन्मलेले ज्यू, नाझी अंमलातून बालपणी वाचलेले. पुढे पंतप्रधान झालेले व्हिक्टर ओर्बान १९८९ मध्ये ऑक्सफर्डला गेले ते सोरोस यांच्याच संस्थेच्या शिष्यवृत्तीवर. सोरोस हंगेरीत निवडणूक लढवत नव्हते, त्यामुळे ते हरूही शकत नव्हते, आणि शत्रू म्हणून नेमके हेच सोयीचे होते. ओर्बान यांच्या पक्षासाठी काम केलेल्या दोन अमेरिकी प्रचार-सल्लागारांपैकी एकाने ही निवड कशी केली ते पुढे मुलाखतीत उघड सांगितले. २०१५ च्या निर्वासित लोंढ्यानंतर कहाणीला परकाही मिळाला. २०१७ च्या उन्हाळ्यात देशभर सोरोस यांच्या हसऱ्या चेहऱ्याची पोस्टर्स लागली : शेवटी हसण्याची संधी त्यांना देऊ नका. त्याच वर्षी सरकारने घरोघर प्रश्नावली धाडली, तिचा विषय ‘सोरोस योजना’. एप्रिल २०१८ मध्ये दोन तृतीयांश जागा आल्या, जूनमध्ये ‘स्टॉप सोरोस’ नावाने ओळखला जाणारा कायदा, आणि सोरोस यांनी स्थापलेले विद्यापीठ पदव्यांचे वर्ग घेऊन व्हिएन्नाला गेले. एकाच माणसात वरिष्ठही आणि परकाही.

दुसरा उपयोग सत्ता मिळाल्यावर सुरू होतो. सत्ता हातात, तरी आश्वासने पुरी होत नाहीत. मग बोट कुणाकडे दाखवायचे? अमेरिकेत यासाठी ‘डीप स्टेट’ आहे, म्हणजे पडद्याआडची नोकरशाही : खरी सत्ता अजून तिच्याच हातात. पोलंडमध्ये १० एप्रिल २०१० रोजी स्मोलेन्स्कजवळ धुक्यात विमान पडून राष्ट्राध्यक्षांसह ९६ जण गेले. अधिकृत चौकशीने धुके, कमी उंची आणि चुका अशी कारणे दिली. तत्कालीन विरोधी पक्ष ‘घातपात’ म्हणत दर महिन्याच्या १० तारखेला मोर्चे काढत राहिला. २०१५ मध्ये तोच पक्ष सत्तेवर आला, त्याने स्वतःची उपसमिती नेमली, सगळी कागदपत्रे हाताशी होती, आणि तरी आठ वर्षांत सर्वमान्य होईल असा पुरावा निघाला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या सरकारने ती समिती मोडीत काढली. पण मधल्या काळात ज्यांनी शंका घेतली ते ‘मृतांशी बेइमान’ ठरले. म्हणजे कहाणी खरी की खोटी याला महत्त्व उरले नव्हते. आपल्यातला कोण आणि फितूर कोण, हे ठरवण्याची ती कसोटी बनली होती.

आणि तिसरा उपयोग हरल्यावर. ‘जनता’ म्हणजे आपणच असे एकदा म्हटले की जनतेने आपल्याला पाडले हे शक्यच नसते, मग मतेच चोरीला गेली असली पाहिजेत. अमेरिकेत २०२० नंतर ट्रम्प यांच्या बाजूचे साठाहून अधिक दावे न्यायालयांत टिकले नाहीत. जॉर्जिया राज्यात सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या, निकाल तोच आला. तरी ६ जानेवारी २०२१ रोजी समर्थक संसदेच्या इमारतीत घुसलेच. ब्राझीलमध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी मतदानयंत्रांवर आधीपासून संशय पेरला होता. हरल्यावर ८ जानेवारी २०२३ रोजी समर्थक राजधानीतल्या संसदेत आणि सर्वोच्च न्यायालयात घुसले.

प्रश्न : खरे कट नसतातच असे म्हणणे आहे काय? — तंबाखू व्यापाराशी संबंधित वाचक, निपाणी

तुमच्याच मालाचे उदाहरण घेऊ. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमले. जानेवारी १९५४ मध्ये त्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत संयुक्त जाहिरात दिली की धूम्रपानाने कर्करोग होतो हे सिद्ध नाही. पुढे काही दशके शंका जिवंत ठेवण्याचे काम पद्धतशीर चालले. १९६९ च्या एका अंतर्गत टिपणात तर ‘शंका हेच आपले उत्पादन’ असे स्वच्छ लिहिलेले सापडले. २००६ मध्ये अमेरिकी न्यायालयाने संघटित फसवणुकीचा ठपका ठेवला. हा अस्सल कट.

तो उघड झाला कशाने ते बघा : मेमो, बैठकींच्या नोंदी, जाहिरातीची बिले, फुटलेले कर्मचारी. सामील माणसे मोजकी, हेतू एकच आणि रोकडा, माल खपवणे. खरा कट कागद सोडतो आणि त्याची व्याप्ती बेताची असते. ज्या कटात सगळेच सामील आहेत, सगळेच त्याने घडते आणि कागद मात्र एकही नाही, त्याच्याबद्दल संशय घ्यावा. १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनातला व्यापाऱ्यांवरचा आरोपसुद्धा भावाचा होता, वजनाचा होता. पावती पुढे करून तपासता येणारा.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या ग्रुपवर लोकसंख्येचे आकडे येतात, अमुक साली आपण अल्पसंख्य होणार म्हणून सांगायलेत. आकडे सरकारीच असतात की. मग खोटे कसे? — वाचक, येळ्ळूर

आकडे बरेचदा खरेच असतात. लबाडी हिशेबात असते.

या कहाणीचा वंश मोठा आहे. १९०३ मध्ये रशियातल्या एका वृत्तपत्रात ज्यू वडीलधाऱ्यांच्या गुप्त बैठकींचा ‘इतिवृत्तांत’ छापला गेला. १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने शेजारी-शेजारी उतारे छापून दाखवले की त्यातला मोठा भाग १८६४ च्या एका फ्रेंच उपहासपुस्तकातून उचललेला आहे, आणि मूळ पुस्तकात ज्यूंचा विषयच नाही. तरी हेन्री फोर्ड यांच्या साप्ताहिकाने ते अमेरिकेत पसरवले. १९२७ मध्ये फोर्ड यांनी माफी मागितली, तोवर जर्मनीत ते हातोहात खपत होते. आजची आवृत्ती २०११ ची. फ्रेंच लेखक रेनो कामू यांचे म्हणणे असे की वरिष्ठ मंडळी युरोपची लोकसंख्याच बदलून टाकत आहेत; याला त्यांनी नाव दिले ‘ग्रेट रिप्लेसमेंट’, म्हणजे महा-अदलाबदल. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ माणसे मारणाऱ्याने आपल्या जाहीरनाम्याला तेच नाव दिले होते. त्याच वर्षी टेक्ससमधल्या एल पासोत २३ आणि २०२२ मध्ये बफेलोत १० जणांना मारणाऱ्यांची भाषाही तीच होती.

आपल्याकडे ‘हिंदू ही मरणपंथाला लागलेली जात’ ही मांडणी कलकत्त्यात १९०९ पासून आहे. आता हिशेब. जनगणनेनुसार हिंदूंचा वाटा १९५१ मध्ये ८४.१ टक्के होता, २०११ मध्ये ७९.८. मुस्लिमांचा ९.८ वरून १४.२. फॉरवर्डमध्ये हे आकडे असतात आणि ते बरोबर आहेत. गाळलेले असतात ते पुढचे. २००१ ते २०११ या दशकात मुस्लिमांचा वाटा १३.४ वरून १४.२ झाला, म्हणजे दहा वर्षांत ०.८. याच गतीने ५० टक्क्यांवर जायला साडेचारशे वर्षे लागतील. आणि ती गतीही टिकलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ मध्ये दर स्त्रीमागे हिंदूंची सरासरी मुले ३.३० आणि मुस्लिमांची ४.४१ होती, २०१९-२१ मध्ये ती १.९४ आणि २.३६ झाली. अंतर १.११ वरून ०.४२ वर आले. पिढी जेमतेम तेवढीच राहायला सुमारे २.१ लागतात, तेव्हा दोन्ही आकडे त्याच्या आसपास आले आहेत.

असा मजकूर आला की तीन गोष्टी विचारा. सुरुवातीचे साल कुठले निवडलेय? वाटा सांगितलाय की वाढीचा वेग? शेवटचा आकडा मोजलेला आहे की पुढे ताणलेला? बहुतेक फॉरवर्ड तिसऱ्याच प्रश्नावर गळतात, कारण ‘अमुक साली’ हा आकडा कुणी मोजलेला नसतो.

‘लव्ह जिहाद’बद्दलही दोन पत्रे आहेत. थोडक्यात : ४ फेब्रुवारी २०२० रोजी केंद्रीय गृह राज्यमंत्र्यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिले की कायद्यात या संज्ञेची व्याख्या नाही आणि केंद्रीय यंत्रणांकडे असे एकही प्रकरण नोंदलेले नाही. फसवून केलेले लग्न हा गुन्हा आहेच. त्याला फिर्याद, आरोपी आणि कलम असते, अखिल भारतीय योजना असल्याचे सिद्ध करावे लागत नाही.

प्रश्न : आम्ही मराठी लोक ‘महाराष्ट्राचे हस्तक’, पैसे घेऊन आंदोलन करतो, असे कन्नड ग्रुपवर फिरते. ते कटसिद्धांत, आणि आमचे मात्र दुःख, असे तुम्ही म्हणणार का? — वाचक, शहापूर, बेळगाव

असे म्हटले तर ही पाने छापायलाच नकोत. सीमाभागातला मराठी माणूस एका वेळी दोन पाटांवर बसतो. भाषेच्या पंगतीत तो अल्पसंख्य, त्याच्यावरच संशय : हे बाहेरच्यांचे, यांना तिकडून रसद. धर्माच्या पंगतीत तो बहुसंख्य, आणि तिथे तोच संशय दुसऱ्यावर घ्यायचे आवतण त्याला रोज मिळते. ‘यांची निष्ठा बाहेर’, ‘यांची संख्या मुद्दाम वाढवली’, ‘अधिकारी यांना सामील’ ही वाक्ये दोन्हीकडे सारखीच, फक्त कर्ता बदललेला. आपल्याबद्दल कन्नड ग्रुपवर फिरणारा मजकूर मराठीत आणा, ‘मराठी’ शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेवा आणि आपल्या ग्रुपवरचा मजकूर शेजारी ठेवा. आम्ही हे करून पाहिले आहे. वाचवत नाही.

आता दुःखाचे. सीमाप्रश्न हा कटसिद्धांत नव्हे, कारण त्याला कागद आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना. १९६६ चा महाजन आयोग, त्याचा १९६७ चा अहवाल : २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला, बेळगाव शहर जिथे आहे तिथेच. महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ मध्ये घटनेच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा, ८६५ गावांवर हक्क. यात कोण काय म्हणते ते लेखी आहे. पटो न पटो, खोडता येते. परिपत्रके मराठीत मिळत नाहीत ही तक्रारही तशीच. भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा अधिक असलेल्या जिल्ह्यात-तालुक्यात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असे ठरलेले आहे. मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणासाठी घटनेचे ३५० अ, आणि दाद मागायला ३५० ब खालचे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. अर्ज करताना कार्यालय, तारीख, कुठली सूचना, कुठल्या भाषेत दिली एवढे लिहावे आणि पोच घ्यावी. ‘आमची भाषा संपवण्याचा डाव आहे’ या वाक्याची पोच कुठलेही कार्यालय देत नाही.

संशयाचा फायदा तिसराच घेतो, तेही इथे घडून गेले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याचे व्हिडिओ फिरले आणि पाठोपाठ बेळगावच्या अनगोळात कन्नड अस्मितेचे प्रतीक असलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. दोन्ही भाषांच्या ग्रुपवर एकच वाक्य होते : हे ‘त्यांनी’ ठरवून केले. वर्षभराने, डिसेंबर २०२२ मध्ये, हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. १४ डिसेंबरला दोन्ही मुख्यमंत्र्यांच्या बैठकीनंतर केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितले की मोठ्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी आगीत तेल ओतले. नेत्याच्या नावाचे जळजळीत वाक्य आले की आधी खात्याचे हँडल अक्षर-अक्षर वाचावे आणि खाते कधी उघडले तो महिना पाहावा. नाव आणि फोटो कुणालाही लावता येतो.

प्रश्न : सख्खे मामा. माणूस देवासारखा, पण दिवसभर हेच. जेवताना वाद होतो, मामी रडतात. काय करावे? — शिक्षिका, चिक्कोडी

जेवताना करू नका, हे पहिले. पंगतीत मामांना हरता येत नाही. भाचीसमोर, जावयासमोर माघार घेणे ही वेगळीच किंमत असते आणि ती ते देणार नाहीत. ग्रुपवर तर त्याहून नाही.

दोघेच असताना एकच दावा घ्या, आणि तो त्यांच्याच तोंडून पूर्ण ऐका. ‘यातले तुम्हाला सगळ्यात पटलेले काय?’ असे विचारा. मग ‘दहापैकी किती खात्री?’ आकडा लिहून घ्यायची गरज नाही, पण तो त्यांनी उच्चारावा. आठ म्हणणाऱ्याला आपले दोन कुठे गेले हे आपोआप दिसते. २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सुमारे २,२०० लोकांनी आपापला कटसिद्धांत आणि त्यामागचे स्वतःचे पुरावे लिहिले, आणि संगणकी संवादकाने नेमक्या त्याच पुराव्यांना उत्तर दिले. विश्वास सरासरी २० टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनंतरही तसाच होता. त्यातून घ्यायचे ते एवढेच की ‘असल्या गोष्टी खोट्या असतात’ या सर्वसाधारण उपदेशाचा उपयोग नाही. मामांना पटलेल्या त्या एका मुद्द्याला तपशिलाने उत्तर हवे. २० टक्के म्हणजे आठचे साडेसहा होतात. शून्याची अपेक्षा ठेवली तर दोघेही दमाल.

चुकते कुठे? आपण एका दमात पाच खुलासे पाठवतो. ते त्यातला सगळ्यात कच्चा धरतात आणि बाकीचे चार गेले. दुसरे, खुलासा करताना खोटे वाक्यच ठळक लिहितो. वारंवार ऐकलेले वाक्य खरे वाटू लागते हे १९७७ पासून प्रयोगांनी दाखवले आहे, म्हणून आधी खरी गोष्ट, मग एकदाच चुकीची, मग पुन्हा खरी. तिसरे, कहाणीच्या मुळाशी असलेली खरी वेदना आपण बाजूला सारतो. मामांच्या मुलाला पदवी असून नोकरी नसेल, तर आधी त्यावर बोला, तेही मनापासून. तेवढे एक तरी कुणी त्यांच्याशी बोलतच नसते, फॉरवर्ड पाठवणारे सोडून.

प्रश्न : मतदानयंत्रावर शंका घेणारा प्रत्येक जण कटसिद्धांतवादी का? — वाचक, अथणी

नाही. ‘काय दाखवले तर तुमचे समाधान होईल?’ एवढे विचारा. उत्तर मिळाले तर ती शंका, आणि ती घेणे हा मतदाराचा हक्क. कर्नाटकात आणि देशात सध्या असे आहे : मत कुणाला गेले ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, दर विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राशी ताडतात, २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के मोजणीची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रे तपासून घेण्याची वाट दिली. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे फॉर्म १७-सी. मतदान संपताच केंद्राध्यक्ष किती मते पडली ते त्यावर लिहून हजर एजंटांना प्रत देतात. एजंट संध्याकाळी लवकर घरी गेला की ती प्रत येत नाही, आणि मग निकालाच्या दिवशी हातात फक्त संशय उरतो.

प्रश्न : मी गावच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. रात्री अकराला व्हिडिओ पडतो, सकाळपर्यंत उशीर झालेला असतो. नेमके काय करू? — वाचक, औराद, जि. बिदर

तुमच्याच तालुक्यातल्या मुरकीचे तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी : १३ जुलै २०१८ रोजी हैदराबादेहून आलेल्या पाहुण्यांनी वाटेत मुलांना चॉकलेटे दिली. मुले पळवणारे म्हणून व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पडला, त्यांची गाडी पुढे पोहोचण्याआधी तो मुरकीत पोहोचला, रस्ता अडवला गेला. एक तरुण जमावाच्या मारात गेला. अटक झालेल्यांत ग्रुप अ‍ॅडमिनही होता. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणारे पाच जण असेच गेले होते.

पहिल्या पाच मिनिटांत ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’वर टाका आणि व्हिडिओ ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही काढता येतो. त्याआधी एक प्रत आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट आपल्याजवळ ठेवा, तो पोलिसांना लागतो. मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो पाच किंवा अधिक हातांतून आलेला आहे, म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतः काही पाहिलेले नाही.

मग व्हिडिओ थांबवून चित्र बघा, आवाज बंद करून. आवाज वरून चढवता येतो. दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत? दुचाकीची पाटी वाचता येते का? केए २२ बेळगाव, केए २३ चिक्कोडी, केए ३८ बिदर. बस असेल तर कर्नाटकाच्या सरकारी गाडीच्या नंबरात एफ असतो. एसटीच्या पाटीवरून मात्र फसू नका, एमएच १४ किंवा २० हे बहुधा गाडी कुठे बांधली ते सांगते. आगाराचे नाव बाजूला लिहिलेले असते ते वाचा. पोलीस दिसत असतील तर टोपी बघा : कर्नाटकातल्या हवालदारांची एका बाजूला दुमडलेली जुनी टोपी २०२५ च्या अखेरीस बदलली, तेव्हा ‘आज सकाळचा’ म्हणून आलेल्या व्हिडिओत ती असेल तर तो जुना असण्याचा संभव मोठा. शेवटी दोन-तीन स्पष्ट चौकटींचे स्क्रीनशॉट गूगल लेन्सवर टाका. एकाच चौकटीवर थांबू नका, पहिली बहुधा अंधुक असते. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तबलिगी रुग्ण पोलिसांवर थुंकतोय म्हणून फिरलेला व्हिडिओ याच मार्गाने सापडला. तो मुंबईतल्या एका कच्च्या कैद्याचा, फेब्रुवारीतला होता.

माणसे जमायला लागली असतील तर हे सगळे सोडा आणि ११२ लावा. १९३० हा क्रमांक पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, तिथे वेळ घालवू नका. कायद्याचे एवढे ध्यानात असू द्या : तेढ वाढवणाऱ्या मजकुराला भारतीय न्याय संहितेचे कलम १९६, सार्वजनिक गोंधळ माजवणाऱ्या अफवेला ३५३, आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा अशा कारणाने खून केला तर १०३(२), शिक्षा जन्मठेप किंवा फाशी. दुसऱ्याच्या मेसेजसाठी अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही असे मुंबई आणि केरळ उच्च न्यायालयांनी म्हटले आहे. पण पाहूनही ठेवला, वर अंगठा दिला, तर तो बचाव पातळ होतो.

प्रश्न : १ नोव्हेंबरला (राज्योत्सव आणि आपला काळा दिन) आणि १७ जानेवारीला (हुतात्मा दिन) आम्ही ग्रुपच बंद ठेवतो. बरोबर आहे ना? — वाचक, कडोली

बंद ठेवलात तर लोक दुसऱ्या ग्रुपवर जातात, जिथे तुमचे कुणी नसते. चालू ठेवा, आदल्या रात्रीपासून ‘फक्त अ‍ॅडमिन’ करा आणि मेसेज टाकायला दोनच माणसे ठरवा. त्यांतले एक अस्खलित कन्नड वाचणारे हवे, कारण पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची सूचना बहुधा आधी कन्नडमध्ये येते.